एकोणीस नंबरची हजेरी

१

रोज सकाळी पावणेआठला आमच्या घरात हजेरी व्हायची.

बायको प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती आणि निवृत्त झाली तरी तिची शाळा काही सुटली नाही. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून मीही चिडवायला बाईच म्हणायचो. मागच्या खोलीत मोठी खिडकी आहे. तिच्या रुंद कट्ट्यावर बाईंनी एकतीस निवडुंग लावले होते. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची एक काडी खोचलेली आणि काडीवर नंबर. नावं नाहीत. "नावं ठेवली की लाडके-दोडके होतात," असं तिचं म्हणणं.

पावणेआठला ती वेताच्या खुर्चीत हजेरीपट घेऊन बसायची. मी तेव्हा शेजारच्या बाथरूममध्ये तोंडाला फेस लावून दाढी करत असायचो. निवडुंगांना बोलता येत नाही, तेव्हा त्यांच्या वतीने उत्तर देणं हे माझं काम.

"एक नंबर?"

"हजर!"

"दोन नंबर?"

"हजर!"

"सात नंबर?"

"हजर, पण पोट बिघडलंय."

"अहो, हजेरीत मस्करी नको."

उत्तर आल्याशिवाय ती वहीत बरोबरची खूण करत नसे. एकदा चौदा नंबरला मला जोराचा ठसका लागला. मी खोकलो, पाणी प्यायलो, डोळे पुसले. ती शांत बसून होती. मी "हजर" म्हणालो तेव्हा कुठे खूण झाली आणि पंधरा नंबर आला. इतकी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही.

एकतीस झाले की शेवटी एक जादा नाव असायचं. लेक लहान असताना तिनेही हजेरीत यायचा हट्ट धरला होता. रडून रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून बाई शेवटी विचारायच्या, "आणि आमचं शेपूट?" की लेक तोंडात ब्रश घेऊन धावत यायची, "हजर!" पुढे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. तरी बाई रोज विचारायच्या, "आणि आमचं शेपूट?" क्षणभर थांबायच्या, मग स्वतःच म्हणायच्या, "गैरहजर," आणि वही मिटायच्या.

२

माझं चष्म्यांचं दुकान होतं. अडतीस वर्षं मी लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावली, तेव्हा डोळे माणसाला किती सहज फसवतात हे मला नीट ठाऊक आहे. हे आधीच सांगून ठेवतो.

निवडुंगांचं बाईंचं शास्त्र मोजकं होतं. थंडीत पाणी अजिबात नाही. आणि कुंडी एकदा ठेवली की फिरवायची नाही. प्रत्येक कुंडीवर तिने तैलरंगाचा एक पांढरा ठिपका दिला होता आणि तो कायम खिडकीच्या काचेकडेच हवा. "त्याने दिशा ठरवलेली असते हो. फिरवलं की गोंधळतं आणि कळी गाळून टाकतं."

बाकी सगळ्यांनी कधी ना कधी फूल दिलं होतं. दिलं नव्हतं ते फक्त एकोणीस नंबरने. मुठीएवढा गोल, करडा-हिरवा, अंगभर पांढरी लव. बावीस वर्षं तो तसाच बसून होता. मी म्हणायचो, "मठ्ठ आहे तुमचा एकोणीस नंबर." तिला राग यायचा. "मठ्ठ नाही तो. त्याला वेळ लागतो. प्रत्येक वर्गात असा एक असतोच, आणि बाईंनी त्याच्यासाठी थांबायचं असतं."

गेल्या वर्षी थंडी सरता सरता एका सकाळी ती खोलीतून ओरडली, "अहो, एकोणीसला काहीतरी दिसतंय! तुमचं ते भिंग घेऊन या बरं."

"आधी हजेरी, मग भिंग," मी म्हणालो.

हजेरी सुरू झाली. मधेच माझा फोन वाजला. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या चष्म्याची काडी तुटली होती, त्याला सुईत दोरा ओवता येईना. दुकान बंद करून मला तीन वर्षं झाली होती. इतक्या दिवसांनी कुणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं, मग काय, मी हरखलो. फेस पुसला, शर्ट चढवला आणि दारातून ओरडलो, "आलोच गं!"

शिंप्याकडे चहा झाला, गप्पा झाल्या. सव्वा तासाने घरी आलो. ती खुर्चीतच होती. वही मांडीवर, पेन्सिल खाली पडलेली, मान खिडकीकडे.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल, तुम्ही असतात तरी काही करता आलं नसतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, किंवा खरंही असेल. पण माझं दुःख ते नाहीच. मी "आलोच" म्हणालो आणि आलो नाही, हे मला खातं.

भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी सगळ्या कुंड्या उचलून बोळात ठेवल्या. पंधरा दिवसांनी मी त्या परत मांडल्या, ठिपके काचेकडे करून. एकोणीस नंबरच्या डोक्यावर एक वाळलेला तपकिरी कण तेवढा उरला होता. मी भिंगातून पाहिला. ती कळीच होती.

३

त्यानंतर वर्षभर हजेरी झाली नाही. मी कुंड्यांना तिच्या वहीतल्या तारखांप्रमाणे पाणी घालायचो. वही म्हणजे पाण्याची. हजेरीपट लेकीने कुठल्यातरी खणात ठेवला होता आणि मी तो काढलाही नव्हता.

यंदा थंडी कमी होऊ लागली आणि एके सकाळी आरशासमोर दाढी करताना मी म्हणालो, "हजर."

पातं गालावरून खाली आणलं. नळाखाली धुतलं. "हजर." पुन्हा पातं. "हजर."

चौथ्या-पाचव्या वेळेला मी आरशात स्वतःच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हाक मारली नव्हती. मी शपथेवर सांगतो, मला काही ऐकू आलं नाही. फक्त माझं तोंड बोलत होतं, मधे बरोबर तेवढीच जागा सोडून, जेवढी समोरून हाक येते तेव्हा सोडतात.

सवय असते, मी मनाला समजावलं. तीस वर्षांची सवय जिभेला लागलेली, पातं हातात आलं की जीभ चालू होते. लोक चष्मा काढून ठेवल्यावरही नाकावर बोट नेऊन तो सावरतात, हे मी दुकानात हजारदा पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी मी मोजलं. अठरा वेळा. तिसऱ्या दिवशीही अठरा. चौथ्या दिवशी मी तोंडात पाण्याची चूळ धरून ठेवली आणि ओठ घट्ट मिटले. घशातून आवाज आला. अठरा वेळा. मग एकदम सगळं थांबलं आणि ती शांतता काही साधी नव्हती. मागच्या खोलीत कुणीतरी उत्तराची वाट पाहत होतं.

मी चूळ टाकली आणि नळ पूर्ण सोडला. त्या आवाजात मला बरं वाटलं.

४

वेताच्या खुर्चीचंही सांगतो. ती बसताना दोनदा वाजते, आधी कर्र आणि मग कट्. उठताना एकदाच, कट्. बाई गेल्यापासून त्या खुर्चीत मी बसत नव्हतो आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हतो.

आता रोज पावणेआठच्या सुमारास ती वाजायची. कर्र, कट्. सकाळचं ऊन वेतावर पडलं की वेत तापतो आणि वाजतो, यात काही नवल नाही. मी असंच समजून चाललो होतो. पण दिवसभर कान देऊनही मला उठतानाचा आवाज कधी ऐकू आला नाही. रोज बसणं व्हायचं. उठणं नाही.

आणि मग ठिपके.

पाणी घालायला गेलो तर एक नंबरचा पांढरा ठिपका खोलीच्या आत वळलेला. दोनचाही. तीनचाही. मी रांगेने बघत गेलो. एकपासून अठरापर्यंत सगळे ठिपके खुर्चीकडे होते. एकोणीसपासून पुढचे जिथल्या तिथे, काचेकडे.

बाई बोलायला लागल्या की वर्गातली पोरं वळून बसतात, तसे ते बसले होते.

मी भिंग आणलं. कट्ट्यावर चांगली वर्षभराची धूळ होती. बायकोमागे घर झाडायला कोण बसलंय? कुंडी फिरवली तर धुळीत गोल ओरखडा उठायला हवा. अठराही कुंड्यांभोवतीची धूळ अखंड होती. एकोणीसपर्यंत आलो आणि भिंग तिथेच थांबलं. त्याच्या डोक्यावरच्या लवेत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लालसर वर आलं होतं.

कळी. आणि तीही ऊन पडतं त्या बाजूला नाही, आतल्या, सावलीच्या बाजूला. खुर्चीच्या बाजूला.

मला आनंद झाला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. दोन्ही खरं. स्वतःच्या बायकोची भीती वाटावी याची मला लाज वाटली. मी खुर्चीकडे पाठ करूनच म्हणालो, "अगं, कळी आलीय." मग लगेच बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो आणि जेवणापर्यंत आत गेलो नाही.

५

त्याच आठवड्यात मी बाथरूममध्ये पडलो. झालं असं, की अठरा "हजर" संपले आणि त्या शांततेत खुर्ची वाजली, पण वेगळीच, पुढे झुकल्यासारखी. मी फेसासकट पळालो आणि पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण कपाळावर टेंगूळ आलं. ते व्हिडिओ कॉलवर लेकीला दिसलं आणि दुसऱ्या दिवशी ती दारात हजर.

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला रिपोर्ट लागतो, गप्पा चालत नाहीत.

"बाबा, आता बास. तुम्ही माझ्याकडे चला."

"अगं, घर?"

"घराला कुलूप लावू. ते काय पळून जातंय?"

"निवडुंग?"

"तेही न्यायचे. खोक्यांत भरून. मला बाल्कनी आहे."

"कळी आलीय एकोणीसला. हलवलं की गळते. एवढं एक फूल होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येतो. कचरापेटीत ठेवलंस तरी चालेल."

ती हसली नाही. "बावीस वर्षं ते फूल येतंय, बाबा."

मी तिला ठिपके दाखवले. मला वाटलं होतं ती दचकेल. तिने शांतपणे एकेक कुंडी फिरवून अठराही ठिपके काचेकडे केले आणि हात झटकले. झोपायला जाताना तिने तिची बॅग वेताच्या खुर्चीत ठेवली. मी "नको" म्हणालो, तर म्हणाली, "खुर्ची आहे ती, बाबा, देव्हारा नाही."

सकाळी बॅग जमिनीवर होती. ठिपके खुर्चीकडे होते. लेक कट्ट्यासमोरून माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कीव होती. ते जास्त लागलं.

"झोपेत उठून तुम्हीच फिरवता, बाबा. आणि विसरता. याला औषध आहे, घाबरायचं काही नाही. पण एकटं राहायचं नाही आता."

"आणि धूळ? तू हात लावायच्या आधी ओरखडा नव्हता धुळीत!"

"तुमच्या डोळ्यांचा नंबर शेवटचा कधी तपासलात?"

हे तिने मला विचारलं! मला! तिचा आवाज कापत होता, हे मला कळत होतं. आई गेली तेव्हा तीही पोचली नव्हती. आता बापाचं काही झालं तर पुन्हा आपण नसू, या धास्तीने ती कडक बोलत होती. मला तिच्यावर रागावताही येईना.

ठरलं. ती आता परत जाणार आणि पुढच्या रविवारी अकराला टेम्पो घेऊन येणार. माझ्या हातात नऊ दिवस होते.

६

मी रोपवाटिकेत गेलो. तिथला मालक बाईंना ओळखायचा. तिने त्याला खतांवरून इतकी वर्षं झापलं होतं की तिचं नाव निघताच तो सरळ उभा राहायचा. मी त्याला मोबाइलवर कळीचा फोटो दाखवला.

"अरे वा! आलं का शेवटी?" तो म्हणाला. "आठ दिवस धरा. दहाही लागतील. उमलेल तेव्हा भर उन्हात, बाराच्या पुढे. दोन-तीन तास राहील आणि मिटेल. मिटलं की मिटलं. पुन्हा उघडत नाही या जातीचं."

"आणि हलवलं तर?"

"छे छे, बोटही लावू नका. बाई असत्या तर तुमचा हात धरला असता त्यांनी."

माझ्या दंडावर काटा आला. मी उगाच शर्टाची बाही खाली ओढली.

ते सोडलं तर त्या नऊ दिवसांत मी घराबाहेर पडलो नाही. दूध, भाजी, सगळं दारात मागवलं. दारापाशी स्टूल टाकून मी मागच्या खोलीत बसायचो, खुर्चीपासून जमेल तितका लांब. हळूहळू गंमत अशी झाली की भीतीचीही सवय झाली. मी बोलायला लागलो. आज शेंगदाण्याएवढी झाली. आज टोकाला गुलाबी दिसतंय. शिंप्याने फोनवर तुझी आठवण काढली. लेक चिडलीय माझ्यावर, पण इथे होती तेवढं जेवायला बरं केलं तिने, तुझ्यासारखं तिखट नाही. उत्तर कधी आलं नाही. फक्त सकाळी अठरा वेळा तोंड हलायचं आणि मग ती शांतता दिवसभर खोलीत पसरून राहायची.

एवढंच कळत नव्हतं, की अठराच का.

शनिवारी कळी अंगठ्याएवढी झाली. उमलली मात्र नाही. मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, बाई गं, उद्या अकराच्या आत. मग माझं मलाच हसू आलं, कारण मी कळीला बाई म्हटलं होतं.

७

रविवारी टेम्पो अकराला नाही, साडेअकराला आला. तेवढ्यासाठी मी त्या ड्रायव्हरला जन्मभर दुवा देईन.

लेकीने कंबर कसली. कपाट, गादी, भांडी, एकेक वस्तू खाली जाऊ लागली. "कुंड्या शेवटी," मी म्हणालो. "बरं, शेवटी," ती म्हणाली. "पण जातील, बाबा. कबूल केलंय तुम्ही." मी मान हलवली. कळीच्या पाकळ्या टोकाशी किंचित सैल झाल्या होत्या. ऊन कट्ट्यावर आलं होतं.

माझ्याकडे खण रिकामे करायचं काम होतं. तिसऱ्या खणात, जुन्या वीजबिलांखाली, हजेरीपट सापडला.

मी तो उघडणार नव्हतो. पण हातात तिचं अक्षर आलं की माणूस थांबत नाही. शेवटचं पान काढलं. वर तिच्या वळणदार अक्षरात त्या दिवसाची तारीख, खाली एकतीस नंबर. एकपुढे बरोबरची खूण. दोनपुढे खूण. सातपुढे खूण. मी बोट ठेवून खाली सरकत गेलो.

अठरापुढे खूण होती. एकोणीसपुढे नव्हती.

एकोणीसपुढे कागदावर पेन्सिलीचं टोक टेकवलेलं होतं. नुसतं एक काळं टिंब, दाबून दाबून खोल झालेलं. टोक ठेवून बराच वेळ वाट पाहिली की कागद असा आत जातो.

फोन आला होता तेव्हा अठरा झाले होते. तिने "एकोणीस नंबर?" म्हटलं असणार, आणि मी दारातून "आलोच" म्हणालो असणार. ते काही हजेरीचं उत्तर नव्हे. आणि उत्तर आल्याशिवाय ती खूण करत नसे. ठसका लागला होता तेव्हा ती थांबली होती, तशीच थांबली.

मी वही खुर्चीच्या बैठकीवर ठेवली. वर्षभरात पहिल्यांदाच मी त्या खुर्चीच्या इतक्या जवळ गेलो होतो. "चूक झाली गं," मी म्हणालो. "मधेच उठून जायचं नसतं."

८

"बाबा!" खालून लेकीची हाक आली. "जरा खाली या! कपाट आडवं टाकायचं की उभं, तुम्हीच सांगा!"

"आ…" मी तोंड उघडलं, आणि तो शब्द अर्ध्यावर गिळला.

त्याच वेळी पहिली पाकळी सुटली. फुलं हळूहळू उमलतात, ते डोळ्यांना दिसत नाही, असं मी समजत होतो. हे दिसत होतं. एक पाकळी थरथरली आणि बाहेर पडली, मग शेजारची. रंग कोवळा गुलाबी, मधे पिवळा, आणि तोंड पूर्ण खुर्चीकडे.

"बाबा! ऐकू येतंय का?"

"मी येत नाही!" मी ओरडलो. "आडवं टाक, उभं टाक, नाहीतर फोडून टाक! मी इथून हलणार नाही!"

स्टूल ओढून मी कट्ट्याच्या टोकाशी तिरका बसलो. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. अडतीस वर्षांचा सरावलेला हात आहे, भिंग लगेच जागेवर आलं. फुलाच्या पोटातला एकेक तंतू दिसू लागला, त्यावरची पिवळी भुकटीही.

कर्र, कट्.

भिंगातून जवळचं स्पष्ट दिसतं आणि लांबचं विरघळतं, हे मी गिऱ्हाइकांना समजावत आलोय. फुलापलीकडे खुर्चीची पाठ होती. तिच्या विणीत मोठी भोकं आहेत आणि विरघळलेलं असलं तरी त्या भोकांतून मागची पांढरी भिंत दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती. भोकं भरलेली होती. आणि फुलाच्या अगदी जवळ, भिंगाच्या कडेला, खडूने रखरखीत झालेली दोन बोटं एकोणीसची काडी मातीत नीट दाबत होती. किंवा ती सावली असेल. मी एवढ्यावरच थांबतो.

भिंग खाली घेतलं असतं तर कळलं असतं. मी घेतलं नाही. मला भीती वाटत होती, आणि मला रडू येत होतं, आणि फूल उघडं होतं.

"एकोणीस नंबर," मी मोठ्याने म्हणालो. "हजर."

कागदावर पेन्सिल खसकन चालली.

मग माझं तोंड आपोआप हललं. "हजर." खस्स. "हजर." खस्स. वीस, एकवीस, बावीस. मी भिंगातून फुलाकडे पाहत होतो आणि उत्तरं देत होतो. पंचविसाला मी म्हणालो, "हजर, आणि फूल बघायला मिळत नाही म्हणून रुसलाय." उगाच, तिला हसू यावं म्हणून. खूण व्हायला क्षणभर जास्त लागला.

मागे पावलं वाजली. लेक जिन्याने धापा टाकत वर आली होती. "बाबा, काय चाललंय तुमचं? टेम्पोवाला…" आणि ती दारात गप्प झाली. मी वळलो नाही. "हजर," मी म्हणालो. खस्स. एकोणतीस. "हजर." तीस. "हजर."

एकतीस झाले.

मला वाटलं, संपलं. खोलीत काही आवाज नव्हता. खालून टेम्पोचा हॉर्न आला आणि थांबला. मला खरोखर काही ऐकू आलं नाही, हे मी पुन्हा सांगतो. मला कधीच ऐकू आलं नव्हतं.

पण मागे लेकीचा श्वास अडकला. मी भिंग डोळ्यावरून काढलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर होता, डोळे खुर्चीवर खिळलेले, चेहरा आठ वर्षांच्या पोरीचा. तिने हात खाली घेतला.

"हजर," ती म्हणाली. "हजर, आई."

पेन्सिल चालली. मग खुर्ची एकदाच वाजली.